कडी बाहेरून

लखनौमधलं मानकनगरचं रेल्वेचं क्वार्टर सोडून विकासनगरच्या भाड्याच्या घरात आल्यावर अरुणाला सगळ्यांत जास्त जड गेले ते आवाज. मानकनगरच्या कॉलनीत सकाळी साहेबलोकांच्या स्कूटर सुरू व्हायच्या आणि मग संध्याकाळपर्यंत सामसूम असायची. इथे उजाडल्यापासून सब्जीवाले, रिक्षांच्या घंट्या आणि सतत कुठेतरी चाललेलं बांधकाम. शहाण्णव सालचा हिवाळा होता. विकासनगरात जिकडे पाहावं तिकडे घरं उठत होती. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलं, की चारी बाजूंना अर्धवट भिंती आणि त्यांच्यावर उकिडवे बसलेले गवंडी दिसायचे.

"आणखी काही वर्षांनी यातला एकही माणूस इथे दिसणार नाही," श्रीरंग एकदा तिच्यामागे येऊन म्हणाला होता. तो ते वाईट अर्थानं म्हणाला नव्हता. भिंत बांधणारं यंत्र करायचं, हे त्याच्या डोक्यात कितीतरी दिवस होतं. त्यासाठीच त्यानं रेल्वेतली इंजिनियरची नोकरी सोडली होती आणि विनोद माथुर नावाच्या लखनौच्याच एका ठेकेदाराबरोबर 'गृहयंत्र' ही कंपनी काढली होती. अमरावतीहून सासऱ्यांनी, लष्करी छावणीतून अरुणाच्या दादानं, सगळ्यांनी त्याला समजावून पाहिलं. सरकारी नोकरी अशी सोडतात का, असं जो तो म्हणाला. अरुणा मात्र काही म्हणाली नाही. तिचा त्याच्यावर विश्वास होता.

कंपनीची शेड कुर्सी रोडवर होती, वस्ती संपून मोहरीची शेतं लागतात तिथे. पूर्वी ते बटाट्याचं कोल्ड स्टोरेज होतं. जाड भिंती, एकही खिडकी नाही, आणि कितीही धुतलं तरी कोंब फुटलेल्या बटाट्यांचा मातकट, गोडसर वास जायचा नाही. मधोमध रुळांवर सरकणारा एक पिवळा लोखंडी हात उभा होता. तो वीट उचलायचा, नळीखाली धरून तिच्यावर सिमेंटचा मसाला घ्यायचा आणि भिंतीच्या रांगेत बसवायचा. निदान तसं त्यानं करावं अशी अपेक्षा होती.

त्याला चालवायला एक छोटा हात होता. टेबललॅम्पच्या दांड्यासारखा, सांध्यांत वाकणारा. माणसानं तो धरून जसा हलवावा तसा मोठा हात हलायचा. कुणीतरी असं काही वेळा करून दाखवायचं, कॉम्प्युटरनं ते लक्षात ठेवायचं आणि मग आपलं आपण भिंत बांधत सुटायचं, अशी श्रीरंगची कल्पना. त्यातला पहिला अर्धा भाग जमला होता. दुसरा काही केल्या जमत नव्हता. माणूस बाजूला झाला, की मोठा हात विटा चिरडायचा, नाहीतर हवेतच सोडून द्यायचा.

एका रविवारी अरुणा डबा घेऊन शेडवर गेली, तेव्हा श्रीरंगनं तिला गंमत म्हणून छोटा हात धरायला दिला. लग्नाआधी ती नागपूरला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. तिचा हात फार स्थिर होता. तिनं दांडा डावीकडे नेला. समोर तो अवजड पिवळा हात क्षणभर थांबला, आणि मग त्यानंही तेच केलं. तिनं वीट उचलली, बसवली, वरून हलकेच दाबली. कडेनं मसाला बाहेर आला तो तिनं विटेच्या कोपऱ्यानंच निपटून घेतला. मोठ्या हातानं सगळं तसंच केलं. प्रत्येक वेळी जरासा मागे राहून, ऐकून घेऊन मग करणाऱ्या माणसासारखं.

"भाभीजी, कमाल कर दिया आपने," माथुर मागून म्हणाला. तो केव्हा आला ते कुणाला कळलं नव्हतं. भिंतीच्या त्या एका रांगेकडे तो बराच वेळ बघत राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी श्रीरंगनं विषय काढला. जेवताना काढला, ताटाकडे बघत. घरं बांधणाऱ्या एका सरकारी मंडळाचे अधिकारी यंत्र पाहायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर कंपनी तरणार होती. पण त्यांना आपोआप चालणारं यंत्र हवं होतं.

"फक्त एकदा," तो म्हणाला. "तू आत बसून चालव. कॉम्प्युटरचं जमेलच, फक्त थोडा वेळ पाहिजे."

"आत म्हणजे कुठे?"

"माथुरनं केबिन आणलीये."

"आणि तुम्ही त्यांना काय सांगणार?"

तो पोळीचा तुकडा भाजीत नुसता फिरवत राहिला. त्याला इतकं ओशाळलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती हो म्हणाली.

केबिन म्हणजे बंद पडलेला एक पीसीओ, टेलिफोनचा बूथ होता. कुठल्याशा चौकातून उचलून आणलेली ॲल्युमिनियमची चौकट आणि काचा. काचांना आतून करडा रंग फासला होता आणि एका जागी तो नखानं खरवडावा तसा खरवडून बघायला फट ठेवली होती. आत एक खुर्ची आणि छोटा हात. दारावर बाहेरून लिहिलं होतं : कंट्रोल यूनिट, हाथ न लगाएँ. चुकून कुणी दार उघडू नये म्हणून माथुरनं बाहेरून कडी बसवून घेतली होती.

ती कडी लागल्याचा आवाज अरुणाला आतून वेगळाच ऐकू आला. तिनं शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. फटीतून समोर भिंतीची जागा दिसत होती आणि कडेला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट आणि पोटं. मग श्रीरंगचा आवाज आला. मोठा, मोकळा, ओळखीचा नसलेला.

"इसमें आदमी का कोई काम ही नहीं है, सर. सब मशीन ख़ुद करती है."

तिनं छोटा हात उचलला.

भिंत उत्तम झाली. लोक जवळ येऊन ओळंबा लावून पाहत होते. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. तिला आतल्या आत एक सुखाची लाट आल्यासारखं झालं आणि लगेच त्या सुखाची लाज वाटली. तेवढ्यात कुणीतरी केबिनच्या काचेवर बोटानं टकटक केलं, अगदी तिच्या कानाशी.

"और इसके अंदर?"

"कुछ नहीं सर," श्रीरंग म्हणाला. "कॉम्प्युटर है."

ती श्वास धरून बसून राहिली. मंडळी जेवायला निघून गेली. बाहेर गाड्या सुरू झाल्या, मग आवाज लांब गेले. केबिनमध्ये रंगाचा आणि बटाट्यांचा वास कोंडला होता. तिनं एकदा दार लोटून पाहिलं. पुन्हा लोटलं नाही. आपण आत दार ठोकत बसलोय हे शेडवरच्या मजुरांना ऐकू गेलं तर काय वाटेल, असं तिला वाटलं.

श्रीरंग बऱ्याच वेळानं आला. गळ्यात झेंडूचा हार तसाच होता. कडी काढून तो बाजूला उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

"पाणी आहे का?" ती म्हणाली. त्या दिवशी दोघांत तेवढंच बोलणं झालं.

एकदा म्हणता म्हणता ते पुन्हा झालं, आणि पुन्हा. मंडळाचे मोठे साहेब आले, कानपूरचे ठेकेदार आले, एक वर्तमानपत्रवाला येऊन फोटो काढून गेला. प्रत्येक वेळी अरुणा सगळ्यांच्या आधी शेडवर जायची आणि सगळे गेल्यावर बाहेर यायची. घरमालकीण विचारायची, "भाभी, कहीं नौकरी पकड़ ली क्या?" ती नुसती हसायची. छावणीत दादाकडे जाणं तिनं कमी केलं. दादा सरळ माणूस, काहीतरी विचारेल आणि आपल्याला खोटं बोलावं लागेल, म्हणून.

मोठा हात आता मागे राहत नाही, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. आधी तिला वाटलं की सरावामुळे तसं भासतंय. पूर्वी ती हलायची आणि मग तो हलायचा. आता दोघं एकदमच हलायचे. पुढच्या खेपेला तिनं नीट लक्ष दिलं. ती वीट उचलायच्या बेतात होती, अजून बोटं आवळलीही नव्हती, आणि फटीतून तिला दिसलं, की वीट उचलली गेली आहे.

"तो माझ्याआधी हलतो," तिनं श्रीरंगला सांगितलं.

"तुझा हात सरावलाय."

"नाही हो. खरंच आधी हलतो."

मग पुढच्या वेळी तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. बाहेर माथुरचं भाषण चालू होतं. छोटा हात तिच्यासमोर स्थिर होता, आणि शेडमधला मोठा हात विटेमागून वीट बसवत होता. कडेचा मसाला विटेच्या कोपऱ्यानं निपटून घेत होता. तिच्यासारखा.

तिला भीती वाटली नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं. कॉम्प्युटर शिकला, असंच कोणत्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं. घरी जाताना स्कूटरवर तिनं श्रीरंगच्या पाठीशी तोंड नेऊन त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि उतरून तिचे हात हातात धरले. रस्त्यावर लोक बघत होते. लग्नानंतर त्यानं असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचणी घेतली. केबिन मोकळी ठेवली, यंत्र सुरू केलं. मोठा हात हललाच नाही. श्रीरंगनं तारा तपासल्या, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. काही नाही. मग त्यानं अरुणाला आत बसायला सांगितलं. तरी नाही.

"दरवाज़ा लगाइए," माथुर म्हणाला.

श्रीरंगनं दार लावलं. काही झालं नाही. माथुरनं पुढे होऊन कडी लावली.

मोठा हात हलला. अरुणा हात मांडीवर ठेवून बघत राहिली.

श्रीरंगनं छोटा हात केबिनमधून सोडवून बाहेर काढला, तरी फरक पडला नाही. मजुरांपैकी एकाला आत बसवून पाहिलं, तर काही झालं नाही. स्वतः बसून पाहिलं, काही नाही. अरुणा आत असली आणि कडी लागली, की भिंत उभी राहायची. श्रीरंग कागदावर आकृत्या काढत राहिला, तारेत कुठे वीज झिरपते, माणसाच्या अंगानं काय फरक पडतो, असं काहीबाही बोलत राहिला. माथुरला त्यात रस नव्हता.

"भाभीजी, आपको कुछ करना नहीं है," तो फार अदबीनं म्हणाला. "बस, बैठी रहिए."

अरुणानं श्रीरंगकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो आकृतीत काहीतरी खोडत होता.

त्या रात्री तिनं बॅग भरली नाही की भांडण केलं नाही. सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मी आता येणार नाही तिकडे."

"शनिवारी दिल्लीची माणसं येताहेत, अरुणा."

"माझ्या हाताचं काही काम होतं तोवर ठीक होतं."

"शेवटचं. एवढंच—"

"मी दादाकडे जातेय," ती म्हणाली. "तुम्ही जमवा."

छावणीत तिचा भाऊ चंद्रकांत मेजर होता. त्याच्या बंगल्यासमोर लांबरुंद हिरवळ होती आणि कडेला मोठी कडुनिंबाची झाडं. ती अचानक आली म्हणून नंदावहिनीला नवल वाटलं, पण तिनं काही विचारलं नाही. "बरं केलंस, थोडी हवा बदल," एवढंच म्हणाली. चंद्रकांतनं संध्याकाळी एकदा विचारलं, "श्रीरंगरावांचं बरं चाललंय ना?" अरुणा म्हणाली, "हो, छान चाललंय." तिचे कान तापले. नवरा आपल्याला पेटीत कोंडून टाळ्या घेतो, हे सख्ख्या भावाला कोणत्या शब्दांत सांगायचं, तिला कळेना.

शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. नंदावहिनी आणि ती हिरवळीवर सतरंजी टाकून मटार सोलत बसल्या. टोपलीभर मटार होते. वहिनी मुलांच्या शाळेचं काहीतरी सांगत होती. अरुणा ऐकत होती. मध्येच एकदा तिला पेंगल्यासारखं झालं. डोळे उघडे होते, पण वहिनीचा आवाज लांब गेला, काचेपलीकडून आल्यासारखा.

"झोप लागली की काय?" वहिनी म्हणाली. "हाक मारतेय मघापासून."

"ऊन लागलं," अरुणा म्हणाली. परातीत सोललेले दाणे बरेच होते. सालं मात्र त्यामानानं कमी दिसत होती. तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही.

दुपारी जेवणं आटोपत होती तेव्हा फाटकाशी स्कूटर थांबली. श्रीरंग मिठाईचा पुडा घेऊन आत आला. त्याचा चेहरा उजळला होता. दाराशीच बूट काढत तो अरुणाला म्हणाला, "मला खरंच वाटलं नव्हतं तू येशील म्हणून."

"कुठे?"

"अगं, म्हणजे..." त्यानं वहिनीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शेडवर. ते लोक खूष झालेत. तू लगेच टेम्पोनं निघून आलीस का? मी यायच्या आत?"

"ही कुठे गेलीये?" नंदावहिनी हसून म्हणाली. "सकाळपासून माझ्याजवळ बसलीये इथे. मटार कुणी सोलले मग?"

श्रीरंगच्या हातात एक बूट तसाच राहिला.

बाहेर कडुनिंबाखाली अरुणानं त्याला विचारलं. तो सांगत होता ते असं, की सकाळी तो शेडवर पोचला तेव्हा माथुर म्हणाला, भाभीजी आ गईं, बैठ गई हैं. कडी लागलेली होती. तो केबिनशी गेला आणि हळूच म्हणाला, "अरुणा, ठीक आहेस ना?"

"मग?"

"तू 'हं' म्हणालीस."

"मी नव्हते तिथे."

"मी पुन्हा विचारलं. रागावलीस का, म्हणालो. तू म्हणालीस, नाही. तुझाच आवाज होता, अरुणा. मी काय तुझा आवाज ओळखत नाही?"

ती त्याच्याबरोबर तशीच स्कूटरवर बसून शेडवर गेली. मजूर सुट्टी करून गेले होते. नवी भिंत उभी होती, ओली, सरळ. केबिनचं दार उघडं होतं. खुर्ची, तिच्याशेजारी पाण्याचा रिकामा पेला. अरुणा आत वाकली. तिथे रंगाचा वास नव्हता. नुकत्याच सोललेल्या मटाराचा हिरवा, गोड वास होता. खुर्चीखाली सालं पडली होती. ताजी, ओलसर, एका जागी नीट जमवून ठेवलेली.

श्रीरंगनंही ती पाहिली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, म्हणून तिला ते दिसलं. आधी तो घाबरला. मग त्याच्या मनात दुसरं काहीतरी आलं आणि भीती पुसली गेली. त्यानं बुटाच्या टोकानं ती सालं खुर्चीखाली आणखी आत सारली.

"मजुरांनी टाकली असतील," तो म्हणाला.

त्यानंतर अरुणाला कुणी शेडवर बोलावलं नाही. ती विकासनगरला परत आली. दादाकडे राहून काय सांगायचं, हा प्रश्न होताच. सगळं पुन्हा सुरळीत झाल्यासारखं दिसत होतं. पाहुणे येत होते, भिंती उभ्या राहत होत्या. श्रीरंग वेळेवर घरी यायचा. कॉम्प्युटरची पुस्तकं उघडून बसणं त्यानं बंद केलं.

एके सकाळी दारातून निघता निघता तो म्हणाला, "डबा आजपासून जरा जास्त देशील?"

"भूक लागते का?"

"हं."

ती त्याला दुसरा डबा देऊ लागली. संध्याकाळी दोन्ही डबे रिकामे यायचे. त्याच्या डब्यात खरकटं सुकलेलं असायचं. दुसरा घासून, पुसून कोरडा केलेला असायचा.

एकदा तिनं भाजीत मीठ जास्त पडलं का, असं विचारलं. तो पेपर वाचत होता. "माहीत नाही," तो म्हणाला. "ती काही म्हणत नाही."

"कोण?"

त्यानं पेपरचं पान उलटलं. "मशीन," तो म्हणाला. माथुरसारखं तोही यंत्राला आता 'ती' म्हणायला लागला होता. अरुणानं पुढे विचारलं नाही. विचारलं तर तो सांगेल, असं तिला वाटलं.

मार्चमध्ये एका दुपारी ती एकटीच शेडवर गेली. माथुर आणि श्रीरंग मंडळाच्या कचेरीत गेलेले होते, मजूर बाहेर मोहरीच्या शेताच्या बांधावर भाकऱ्या खात होते. आत गार होतं. यंत्र बंद होतं. केबिनला बाहेरून कडी होती.

यंत्र बंद असताना कडी का, तिच्या मनात आलं.

ती जवळ गेली. काचेवर करडा रंग. फटीवर आतून काहीतरी टांगलेलं होतं, कापडासारखं. ती उभी राहून ऐकू लागली.

आत कुणीतरी खुर्चीत सावरून बसलं.

अरुणानं कडीला हात लावला. लोखंड गार होतं. आतलं माणूसही स्थिर झालं असावं, कारण आता श्वासही ऐकू येत नव्हता. ती जशी पहिल्या दिवशी श्वास धरून बसली होती, तसं.

नुसती कडी सरकवायची होती.

मग आतून कुणीतरी बाहेर येईल. उभं राहील. आणि श्रीरंग संध्याकाळी येऊन बघेल, की केबिन रिकामी आहे. आणि जेवताना, ताटाकडे बघत, पुन्हा विषय काढेल.

अरुणानं हात काढून घेतला. पदरानं पुसला.

ती उलट्या पावली मागे आली. पाय वाजू नयेत म्हणून चपला हातात घेतल्या. बाहेर उन्हात मजुरांनी तिला पाहिलं आणि एकजण म्हणाला, "जा रही हैं बहनजी? चाय पी लेतीं." तिला त्याच्याकडे बघता येईना. रिक्षा मिळेपर्यंत ती मोहरीच्या शेताकडे तोंड करून उभी राहिली. मोहरी काढून झाली होती, शेतात नुसते खुंट होते. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण नुसतं तोंड भाजल्यासारखं झालं होतं, आणि ते घरी जाऊन थंड पाण्यानं धुतल्यावरही तसंच राहिलं.

तिनं ते श्रीरंगला सांगितलं नाही. त्यानंही तिला कधी काही सांगितलं नाही. डबे मात्र रोज दोन जात राहिले. ती दुसऱ्या डब्यात चांगलंचुंगलं घालू लागली. शिरा, कधी पुरणाची पोळी, लिंबाच्या लोणच्याची फोड. तेवढ्यानं काही फिटत नव्हतं, हे तिला कळत होतं.

उन्हाळ्यात यंत्र विकलं गेलं. तराईतल्या रुद्रपूरजवळ कुणी मोठा ठेकेदार कामगारांची वसाहत बांधत होता. त्याला यंत्र पसंत पडलं आणि त्यानं ते सगळंच्या सगळं उचललं. श्रीरंगला एका कारखान्यात चांगली नोकरी मिळत होती, माथुरला दुसरा धंदा सुचला होता. ट्रक आला त्या दिवशी श्रीरंगनं अरुणाला बरोबर नेलं. का नेलं ते त्यानं सांगितलं नाही. कदाचित ती जवळ उभी असलेली त्याला हवी होती.

पिवळा हात सुटा करून चढवला. रूळ चढवले. शेवटी केबिन. ती उचलताना हमालांनी नेहमीपेक्षा जास्त माणसं लावली आणि ती हळू, सांभाळून ठेवली. कुणी त्यांना तसं सांगितलेलं अरुणानं ऐकलं नव्हतं. दार मागच्या बाजूला येईल अशी ती उभी केली, दोरानं बांधली. कडी लावलेली होती.

"वो खोल के देख लेते एक बार," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

"कंट्रोल यूनिट है," श्रीरंग म्हणाला. "धूल जाएगी."

तो अरुणाच्या शेजारी उभा होता. अरुणा कडीकडे बघत राहिली.

ट्रक निघाला. धूळ उडाली. शेडच्या फाटकातून बाहेर पडून तो कुर्सी रोडला वळला आणि थोडा पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. उतारवयाचा, गळ्यात गमछा घातलेला माणूस. तो चालत परत येताना दिसला तसा श्रीरंग वळला आणि शेडमध्ये निघून गेला. आत काही राहिलं नव्हतं, तरी गेला.

ड्रायव्हर अरुणापाशी आला. तो तिच्या चेहऱ्याकडे जरा गोंधळून बघत राहिला. मग त्यानं नजर खाली केली, परक्या बाईशी बोलताना करतात तशी.

"बहनजी, वो पीछे जो बैठी हैं," तो म्हणाला, "पूछ रही हैं कि उधर कोई मराठी बोलने वाला होगा?"

रस्त्यावरून एक टांगा गेला. अरुणा तो जाईपर्यंत थांबली.

"होंगे," ती म्हणाली. "कह दीजिए, होंगे."

ड्रायव्हरनं मान हलवली. तो ट्रककडे गेला, पण पुढे स्टिअरिंगकडे गेला नाही. मागच्या फळीला धरून वर चढला, केबिनच्या दाराशी तोंड नेऊन काहीतरी बोलला आणि ऐकत थांबला. मग त्यानं गळ्यातला गमछा काढला, नीट घडी केली, आणि फटीतून उन्हाची तिरीप आत जात होती त्या काचेवर बाहेरून बांधून दिला.